बारावीच्या पत्रातला एका अक्षराचा 'यू'

मधली_सुट्टी
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, समोर बारावीच्या सराव परीक्षेचा इंग्रजीचा गठ्ठा आहे, बाजूला गार झालेला चहा आहे आणि डोकं भणभणतंय. म्हणून धागा काढतेय.

पेठेतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली १४ वर्षं इंग्रजी शिकवते. पत्रलेखनाचा प्रश्न होता: तुमच्या भागातल्या खड्ड्यांबद्दल महापालिका आयुक्तांना तक्रारीचं पत्र लिहा. पुण्यातल्या मुलांना खड्ड्यांसाठी कल्पनाशक्ती लागत नाही, त्यामुळे मजकूर सगळ्यांचाच फर्स्ट क्लास. एकाने तर खड्ड्याची खोली अ‍ॅक्टिव्हाच्या चाकाच्या मापात दिलीय. पण भाषा! इथे देवनागरीतच लिहायचा दंडक आहे, तेव्हा अक्षरं सुटी करून लिहिते, तुम्ही मनातल्या मनात रोमन करून घ्या.

सुरुवात 'रिस्पेक्टेड सर', अगदी पूर्ण स्पेलिंग, पुढे स्वल्पविरामसुद्धा. लगेच खाली 'यू-आर डिपार्टमेंट'. पूर्ण युअर नव्हे, दोनच अक्षरं. मग 'पी-एल-झेड टेक अ‍ॅक्शन', कारण काय, तर 'बी-सी-ओ-झेड माय ग्रँडफादर फेल डाउन'. आणि सगळ्यात शेवटी 'युअर्स फेथफुली' पुन्हा जसंच्या तसं, एकही अक्षर न गाळता! म्हणजे पाठ केलेली पहिली आणि शेवटची ओळ शुद्ध, आणि मध्ये जिथे स्वतःच्या मनाने लिहायचं तिथे व्हॉट्सअ‍ॅप. असे किती पेपर आहेत ते मोजायला घेतलं होतं, विसाव्यानंतर सोडून दिलं.

आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रत्येक लघुरूपाला अर्धा मार्क उडवा, आपोआप सरळ होतील. दुसरा म्हणतो, अर्थ कळला ना, मग पुढे चला, गठ्ठे संपवा.

माझा प्रश्न सरळ आहे. या मेसेजच्या लिपीमुळे पोरांचं इंग्रजी बिघडतंय, की मुळात कच्चं असलेलं इंग्रजी या लिपीखाली झाकलं जातंय? आणि मार्क कापू का नको? शुक्रवारपर्यंत पेपर वाटायचे आहेत.


चहाबिस्किट
रविवार, रात्री ९:५२

पहिला चहा गरम करून घ्या, ताई. बाकी नंतर बघू. ह. घ्या. (हलकेच घ्या.)


कंसातला_माणूस
रविवार, रात्री १०:१५

कापा. बिनधास्त कापा.

मी हिंजवडीत एका कंपनीत टीम बघतो. मागच्या महिन्यात नवीन जॉइन झालेल्या एका मुलाने थेट परदेशी क्लायंटला मेल टाकला. विषयाच्या जागी 'फाइल', मजकुरात 'एच-व्ही डन डी चेंजेस, सी-एच-के एन रिव्हर्ट'. 'द'च्या जागी नुसता डी, 'अँड'च्या जागी नुसता एन. क्लायंटने मला वेगळा मेल करून विचारलं की 'एन' हे कुठल्या मॉड्यूलचं नाव आहे का, आणि रिव्हर्ट करायचं म्हणजे केलेले बदल काढून टाकायचे का? कारण त्याच्या इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला नेणं. आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. नशीब, त्याने विचारलं. तसंच करून मोकळा झाला असता तर आमचा शनिवार-रविवार गेला असता.


उगाच_अभ्यासू
रविवार, रात्री १०:३१

कंसातले दादा, तुमच्या उदाहरणात खरा घोळ 'रिव्हर्ट'ने घातलाय, आणि तो शब्द पूर्ण स्पेलिंगने लिहिला होता. :) हे भारतीय हपिसी इंग्रजी आहे, मेसेजच्या लिपीचा त्यात दोष नाही. आणि तुमच्याच कंपनीत दिवसभर 'पीएफए', 'एफवायआय', 'ईओडी' चालतं ना? 'प्लीज फाइंड अटॅच्ड'चं पीएफए झालं तर ती प्रोफेशनल भाषा, आणि प्लीजचं पी-एल-झेड झालं तर संस्कार बुडाले?


कंसातला_माणूस
रविवार, रात्री १०:३८

पीएफए सगळ्यांना कळतं.


उगाच_अभ्यासू
रविवार, रात्री १०:४०

पी-एल-झेडही सगळ्यांना कळतं. कळण्याचा प्रश्नच नाहीये, साहेबाने केलं की पोराने, एवढाच प्रश्न आहे.


आमटीभात
रविवार, रात्री ११:०५

विषय इंग्रजीचा आहे, पण या सवयीने मराठीचं काय झालंय ते कुणी बोलेल का? सगळं घर रोमन मराठीत मेसेज करतं, त्यातही स्वर गाळून. गेल्या आठवड्यात मी नवऱ्याला मंडईतून आणायची यादी पाठवली. त्यात 'एम-ए-टी-एच' आणायला सांगितला. मला भाजीचा माठ हवा होता, लाल. हा माणूस कुंभारवाड्यातून पाणी प्यायचा माठ घेऊन आला, तोही रिक्षात मांडीवर धरून. उन्हाळ्याची सोय झाली म्हणा.


चहाबिस्किट
रविवार, रात्री ११:०९

ह. ह. पु. वा. (हसून हसून पुरे वाट!) पण ताई, रोमनचा यात काय दोष? देवनागरीतही माठ तो माठच!


आमटीभात
रविवार, रात्री ११:१२

अरेच्चा. हो की. पण नवऱ्याला हे सांगू नका, मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे.


स्टेनोकाका
सोमवार, सकाळी ६:२०

मी सहसा नुसता वाचतो. पण शॉर्टहँडला सरसकट नावं ठेवलेली पाहून राहवलं नाही, कारण त्याच शॉर्टहँडवर मी ३४ वर्षं संसार केला.

सरकारी कार्यालयात लघुलेखक होतो, इंग्रजीचा. पिटमन पद्धत. आयझॅक पिटमनने ती १८३७ साली काढली, आणि तुमच्या मुलांनी आज जो उद्योग केलाय तोच त्याने तेव्हा शास्त्रशुद्ध केला होता: स्पेलिंग सोडून द्या, उच्चार पकडा. 'प' हलक्या हाताने ओढायचा, तीच रेघ जाड काढली की 'ब'. म्हणून आमच्या पेन्सिलीला टोक फार अणकुचीदार चालत नसे. स्वरांसाठी ठिपके आणि छोट्या रेघा असतात, पण वेग आला की ते सगळे गाळायचे. मग स्वर ओळखायचा कसा? चिन्ह ओळीच्या वर काढलंय, ओळीवर की ओळीला छेदून, यावरून पहिल्या स्वराचा अंदाज. नेहमीच्या शब्दांना तर एकेक चिन्हच ठरलेलं. साहेब मिनिटाला शंभरच्या वर शब्द बोलत खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि माझ्या वहीत नुसत्या गांडूळांसारख्या रेघा.

आता मुद्दा. परीक्षेत आमची वही कुणी तपासत नसे. डिक्टेशन झालं की त्या रेघांवरून टाइपरायटरवर पूर्ण इंग्रजी मजकूर उतरवून द्यायचा, आणि मार्क कापले जायचे ते त्या उतरवलेल्या कागदाचे. स्पेलिंग चुकलं, स्वल्पविराम गेला, की गेला मार्क. क्लासमधले आमचे सर म्हणत, आखूड कोण लिहील, पण परत लांब करता आलं पाहिजे.

बाई, तुमच्या पोरांना परत लांब करता येतं का, ते बघा. मार्काचं नंतर.


मधली_सुट्टी
सोमवार, सकाळी ७:०५

काका, कॉलेजला निघता निघता वाचलं आणि बसची वाट बघताना पुन्हा वाचलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विचार करते.


बॅकलॉगवाला
सोमवार, दुपारी १:४७

नमस्कार. सेकंड इयर मेकॅनिकल. इथे मी बहुधा सगळ्यात लहान, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातलाही मीच, म्हणून बाजू मांडतो.

मॅडम, 'पी-एल-झेड' आणि 'बी-सी-ओ-झेड' ही आमची भाषाच नाहीये! ती तुमच्या पिढीची. आम्ही स्वाइप करून टाइप करतो, फोन पूर्ण शब्द आपणहून सुचवतो. 'बिकॉज' लिहायला मला तीन अक्षरं लागतात, पुढचं फोन लिहितो. आखूड लिहायचं तर उलट मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, नाहीतर ऑटोकरेक्ट दुरुस्त करून टाकतो. माझ्या फॅमिली ग्रुपवर 'जी-एम' आणि 'एच-बी-डी' कोण टाकतं? बाबा आणि आत्या. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर असाइनमेंटची सूचना येते त्यात 'स्टुडंट्स'चं 'एस-टी-यू-डी-एस' असतं, आणि ती सर टाकतात.

आमच्यात बारकावे वेगळे आहेत. नुसता 'के' म्हणजे मी चिडलोय. 'ओके' म्हणजे ठीक. 'ओकेएएए' म्हणजे खरंच आनंद झालाय. आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिलात तर समोरच्याला वाटतं याचं काहीतरी बिनसलंय. आई 'जेवून ये.' असं टिंबासकट पाठवते तेव्हा मला दरवेळी पोटात गोळा येतो.


उगाच_अभ्यासू
सोमवार, दुपारी २:३०

बॅकलॉगवाल्याच्या पूर्णविरामाला अनुमोदन. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच तपासलं होतं. तेच एका शब्दाचं उत्तर मेसेजमध्ये पूर्णविरामासह दिलं की वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक पडला नाही. तुझ्या आईला दोष नको देऊस, तिने पूर्णविराम वहीत शिकलाय.

आता 'आजकालची पोरं' या राष्ट्रीय छंदाबद्दल थोडं. 'ओएमजी', म्हणजे 'ओह माय गॉड', हे तीन अक्षरांचं कार्टं पहिल्यांदा कुठे सापडतं? ब्रिटिश आरमाराचे निवृत्त अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी सप्टेंबर १९१७ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात. तेव्हा फिशरसाहेब ७६ वर्षांचे होते, टीनएजर नव्हेत. 'ओके' तर १८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून केलेला विनोद आहे, आणि आज तो साऱ्या जगाची सही झालाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने एलओएल आणि ओएमजीला मार्च २०११ मध्ये पाटावर बसवून घेतलं.

आणि मूळ प्रश्नावर: इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये १० ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. जी मुलं मेसेजमध्ये जास्त लघुरूपं वापरत होती त्यांचं शब्दवाचन कच्चं नव्हतं, उलट चांगलं होतं. कारण समजण्यासारखं आहे. 'ग्रेट'चं जी-आर-८ करायला शब्दातले उच्चार कानाने सुटे करता यावे लागतात. ज्याला ते जमतं त्याला वाचनही जमतं.


मधली_सुट्टी
सोमवार, सायंकाळी ५:५०

अभ्यासू, छान. पण एक शंका. ती मुलं इंग्लंडची. त्यांच्या घरात, दुकानात, बसवर, आजीच्या तोंडात इंग्रजी. लघुरूप हा त्यांच्याकडच्या शंभर रूपांपैकी एक. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. त्यांना इंग्रजी भेटतं दोनच जागी: पाठ्यपुस्तकात आणि फोनवर. पाठ्यपुस्तकाशी त्यांचं नातं परीक्षेपुरतं. मग खरं, बोलतं, रोजचं इंग्रजी त्यांनी पाहिलंय ते फक्त फोनवरचं. त्यांच्यासाठी 'यू-आर' हे लघुरूप नाहीच, तोच शब्द आहे. कॉव्हेंट्रीचा निष्कर्ष मला पेठेत जसाच्या तसा लावता येईना.


उगाच_अभ्यासू
सोमवार, सायंकाळी ६:१०

मान्य. हा फरक मी गिळून टाकला होता.


जुना_नोकिया
सोमवार, रात्री ९:२५

बॅकलॉगवाल्याने आमच्या पिढीवर आरोप केलाय तर कबुलीजबाब देतो. हो, आम्हीच ते. पण का केलं ते ऐक, लेकरा.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, 'मेरी ख्रिसमस'. मर्यादा १६० अक्षरांची, आणि ती उगाच नाही. एका मेसेजला १४० बाइट जागा, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षर ७ बिटात बसवलं की बरोबर १६०. पण देवनागरीला प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात, म्हणजे उरल्या ७० खुणा. आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. 'नमस्कार' दिसतो चार अक्षरांचा, फोनच्या लेखी सात. आत्ता कागदावर मोजून बघितलं: एका मेसेजच्या पैशात 'गणपती बाप्पा मोरया' देवनागरीत तीनदा बसतं, चौथ्यांदा नाही. रोमनमध्ये तेच आठ वेळा बसतं आणि वर एक अक्षर उरतं. आता सांगा, आमटीभात ताई, मराठी माणूस रोमनकडे का वळला? आळशीपणाने? नाही हो, हिशेबाने.

शिवाय बटणं. बारा बटणांच्या फोनवर 'बिकॉज' पूर्ण लिहायला १६ वेळा दाबावं लागायचं, एकट्या 'एस'साठी सातचं बटण चारदा. बी-सी-ओ-झेडला १२. 'यू' दोन दाबांत, पूर्ण 'वाय-ओ-यू' आठ दाबांत. आणि दिवाळीला, थर्टी फर्स्टला एसएमएस पॅक चालत नसे, मेसेजमागे रोख पैसे कटायचे. त्या दिवसांत आमच्या हॉस्टेलवर शुभेच्छांमधला एकेक स्वर किलोच्या भावाने मोजला जायचा. पुढे २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, महिन्याभरात २०० केली. नुकतं प्रेमात पडलेल्या माणसाला २०० म्हणजे काय, हे तुला काय कळणार, अमर्याद डेटावाल्या!


स्टेनोकाका
मंगळवार, सकाळी ६:१५

नोकिया, तुमचा हिशेब वाचून तार आठवली. तारेचे पैसे शब्दावर असत. म्हणून तारेत माणसं शब्द गाळायची, अक्षर कधी गाळत नसत. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. व्याकरण गेलं, पण स्पेलिंग प्रत्येक शब्दाचं शाबूत. तुमच्या एसएमएसचे पैसे अक्षरावर, म्हणून तुम्ही अक्षरं गाळलीत, वाक्य मात्र लांबलचक. आज ना शब्दाला पैसे ना अक्षराला. तार २०१३ च्या जुलैत बंदही झाली. तरी पोरं गाळतायत, ती आता कुणाचे पैसे वाचवतायत?


बॅकलॉगवाला
मंगळवार, सकाळी ११:२०

काका, पैसे नाहीत, पण पूर्ण लिहिलं की 'भाव खातोय' म्हणतात. पुण्यातल्या ग्रुपवर शुद्ध इंग्रजी लिहून बघा एकदा.


पर्वतीपायथा
मंगळवार, दुपारी १२:४०

पुण्यात बसून शॉर्टफॉर्मला नावं ठेवणाऱ्यांची गंमत वाटते. एफसीवर भेटू, जेएमवर पार्किंग नाही, पुस्तकं एबीसीला मिळतील, ती एसपीला आहे, हा बीएमसीसीला. आपण सगळं शहरच आखूड करून टाकलंय. परवा एसबी रोडवर एका मुलीने माझी गाडी थांबवून विचारलं, सेनापती बापट रस्ता कुठे आला? तिच्या मुलाखतीच्या पत्रावर पूर्ण नाव होतं. म्हटलं, त्याच्यावरच उभी आहेस. दोन वर्षं पुण्यात राहते म्हणाली.

आणि आपलं मराठी पत्र विसरलात? ती. बाबांस, चि. बाळास, सौ. वहिनींस, सा. न. वि. वि., ता. क. माझ्या भाचीला सा. न. वि. वि. म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, वेबसाइट आहे का?


चहाबिस्किट
मंगळवार, दुपारी १२:४४

भाचीला माझा सा. न. वि. वि. सांगा.


गोळ्या_औषधं
मंगळवार, रात्री १०:५०

दुकान बंद करून लिहितोय. मेडिकल आहे माझं, धायरीकडे. आमचा सगळा धंदाच लघुरूपांवर: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. ही लॅटिनची आखूड रूपं. डॉक्टर आणि आम्ही, दोघांनी ती अभ्यासक्रमात शिकलेली, म्हणून निभावतं. पेशंटने स्वतः अंदाज लावला की गडबड.

पण तुमच्या धाग्याच्या नावातला तो एका अक्षराचा यू आहे ना, तो आमच्याकडे खरोखर धोक्याचा. इन्शुलिन युनिटमध्ये मोजतात, आणि युनिटसाठी नुसता यू लिहायची पद्धत होती. दहाच्या आकड्याला चिकटून घाईत यू काढला की तो शून्यासारखा दिसतो, आणि दहाचे होतात शंभर. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली 'ही चिन्हं वापरू नका' अशी यादी केली, त्यात हा यू आहे. युनिट हा शब्द पूर्ण लिहा म्हणतात. हल्ली प्रिस्क्रिप्शनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, खाली पेशंटच्या मुलाचा मेसेज 'सेम ४ मॉम'. आता हा चार म्हणजे 'फॉर' की चार पट्ट्या? मी फोन करतो. दरवेळी फोन करतो, वैताग आला तरी.


कंसातला_माणूस
मंगळवार, रात्री ११:१०

बघा! यापुढे मला कुणी पीएफएवरून बोलू नका.


उगाच_अभ्यासू
मंगळवार, रात्री ११:३०

बोलणार. :) पण औषधवाल्यांचं म्हणणं लाख मोलाचं. मार्कांपुरतं अजून एक सांगून गप्प बसतो. न्यूझीलंडच्या परीक्षा मंडळाने २००६ मध्ये असं धोरण सांगितलं होतं की उत्तरातून विषय समजल्याचं स्पष्ट दिसत असेल तर लघुरूपांमुळे गुण अडवायचे नाहीत, मात्र जिथे भाषाच तपासायची आहे, म्हणजे इंग्रजीच्या पेपरात, तिथे ही सवलत नाही. तेव्हाही जगभर आरडाओरडा झाला होता. तुमचा पेपर इंग्रजीचा आहे, मॅडम.


मधली_सुट्टी
गुरुवार, रात्री ८:३०

कबूल केल्याप्रमाणे अहवाल.

स्टेनोकाकांचं ऐकलं. काल तासाला पेपर परत दिले, मार्क न घालता. लघुरूपांखाली पेन्सिलीने रेघ, बाकी काही नाही. सांगितलं, हेच पत्र पुन्हा लिहा, एकही शब्द आखूड नको. फोन पिशवीत, डिक्शनरी कपाटात.

आजोबा पडलेला मुलगा सहा मिनिटांत उठला. सगळं बरोबर. यू-आरचं युअर, प्लीज, बिकॉज, आणि जाता जाता 'डिपार्टमेंट'च्या आधी 'रोड' घालून वाक्यही सुधारलं. विचारलं, मग पेपरात का नाही लिहिलंस? म्हणाला, मॅडम, हात त्या बाजूला गेला. असे वर्गात बरेच निघाले.

आणि बाकीचे. एका मुलीने 'यू-आर डिपार्टमेंट'चं 'यू आर डिपार्टमेंट' केलं, म्हणजे 'तुम्ही खातं आहात'. दुसऱ्याने आधी युअर लिहिलं, मग खोडून यू आर लिहिलं, मग पुन्हा खोडलं, कागद फाटेपर्यंत. तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती दोन अक्षरं 'तुमचं'लाही चालतात आणि 'तुम्ही आहात'लाही. पोराला त्यातला फरक येतच नव्हता, आणि इतकी वर्षं त्याला तो यावाही लागला नव्हता, मला कळलाही नव्हता. नुसत्या 'आर'चंही तेच, तो 'आहेत'लाही आणि 'आपलं'लाही. 'पी-पी-एल'चं, म्हणजे 'पीपल'चं, पूर्ण रूप मला चार प्रकारच्या स्पेलिंगांत मिळालं. 'टुमॉरो'मध्ये कुठे दोन एम, कुठे एकच आर. काही जणांनी पाच मिनिटं नुसतं पेन चावलं.

मार्कांचा निर्णय असा: ज्यांनी सहा मिनिटांत दुरुस्त केलं त्यांचे मार्क कापले. ज्यांना जमलं नाही त्यांचे या कारणासाठी कापले नाहीत. ते उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्याकडे, डबा घेऊन.


बॅकलॉगवाला
गुरुवार, रात्री ८:४१

म्हणजे ज्याला येतं त्यालाच शिक्षा???


मधली_सुट्टी
गुरुवार, रात्री ८:४३

हो.


बॅकलॉगवाला
गुरुवार, रात्री ८:४३

के.


कंसातला_माणूस
गुरुवार, रात्री ९:००

हे काही पटलं नाही, मॅडम. नियम सगळ्यांना एक हवा. उद्या पालक भांडायला येतील.


मधली_सुट्टी
गुरुवार, रात्री ९:२०

येतील. आमच्या स्टाफरूममधले दोन्ही तट आत्ताच येऊन भांडून गेलेत, पहिल्यांदाच एकत्र.

एक राहिलं. त्या कागद फाटलेल्या मुलाने तास संपल्यावर विचारलं, मॅडम, बिकॉजमध्ये खरंच यू आहे? म्हटलं, आहे. मग तो ऐकू का येत नाही? आणि जिथे मी एकटाच यू लिहिला तिथे तुम्ही म्हणता तेवढा पुरत नाही. मला चटकन उत्तर सुचलं नाही. काका, तुम्ही काय सांगितलं असतंत?


स्टेनोकाका
शुक्रवार, सकाळी ६:०५

पिटमनमध्ये न ऐकू येणारं अक्षर काढतच नाहीत, त्यामुळे वहीत मला तो यू ३४ वर्षांत कधी भेटला नाही. भेटायचा तो टाइप करताना. त्या मुलाला सांगा, आमच्या बॅचमध्येही नापास होणारे सगळे तिथेच अडकायचे. मी पहिल्या खेपेला त्यांच्यातच होतो.


चहाबिस्किट
शुक्रवार, सकाळी ९:३०

काका, दंडवत. आमटीभात ताई, तुमच्याकडे मग शेवटी भाजी झाली का?


आमटीभात
शुक्रवार, सकाळी ९:५५

काल पुन्हा यादी पाठवली. या वेळी 'लाल माठ, पानांचा, जुडी' असं पूर्ण देवनागरीत. उत्तर आलं: 'के'. आता बॅकलॉगवाल्याचं वाचल्यापासून विचार करतेय, हा चिडलाय की काय?